पहाटे ५.४० ची बाटली

दादाचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्येच होते. मंगळवारची दुपार, अडीच वाजले असतील. "आप्पा काहीतरीच बोलतायत गं. मला ओळखलं, पण सारखं 'बैल सोडा, बैल सोडा' चाललंय. बैल विकून बारा वर्षं झाली आपले." मी ताप विचारला. तो म्हणाला, ताप सकाळीच उतरलाय, उलट हातपाय गार लागतायत. लघवीचं विचारलं. नळीच्या पिशवीत रात्रीपासून फारसं काही साचलंच नव्हतं.

ताप उतरला म्हणून घरी सगळ्यांना हायसं वाटलं होतं. माझ्या पायातलं बळ गेलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, दोन दिवस हुडहुडी भरून ताप, आणि आता अंग गार, भान नाही, लघवी थांबलेली. जंतू रक्तात गेले की असंच होतं. मी चौदा वर्षं पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या मायक्रोबायॉलॉजी विभागात तंत्रज्ञ आहे. अशा माणसांच्या रक्ताच्या बाटल्या रोज माझ्या हातून जातात. माणसं मात्र मी पाहिलेली नसतात. बाटलीवर नाव, बेड नंबर आणि रक्त घेतल्याची वेळ, एवढीच ओळख.

आप्पांना तीन आठवड्यांपूर्वी प्रोस्टेटमुळे लघवी अडली होती, तेव्हा नळी घातली. रविवारी थंडी वाजून ताप आला म्हणून दादानं तालुक्याच्या गावी एका रुग्णालयात नेलं. तिथं सलाईन लावलं, सेफ्ट्रायक्झोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू केली. रविवारी रात्री मी फोन करून विचारलं होतं, "इंजेक्शनच्या आधी ब्लड कल्चर घेतलं का?" ब्लड कल्चर म्हणजे रक्त पोषणद्रव्याच्या बाटलीत घालून त्यातले जंतू वाढवून बघणं. पलीकडून उत्तर आलं, "त्याचा रिपोर्ट यायला पाच दिवस लागतात. तोवर काय पेशंटला तसाच ठेवायचा?" मला वाद घालता आला नाही. आपल्या माणसावर उपचार करणाऱ्याशी फोनवरून वाद घालायला जीभ रेटत नाही.

पण ते पाच दिवसांचं उत्तर चुकीचं आहे, आणि ते मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की इथं सांगून टाकते. पाच दिवस लागतात ते "यात काहीही उगवलं नाही" असं ठामपणे म्हणायला. ज्या बाटलीत जंतू आहेत, ती बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांतच बोलते. क्लेबसिएला, ई. कोलाय असे जंतू पुरेसे असले तर दहा-बारा तासांत. तो वेळ वाया जाऊ नये म्हणून रक्त आधी घ्यायचं आणि लगेच इंजेक्शन द्यायचं. दोन्हींच्या मध्ये पाच मिनिटं जातात, पाच दिवस नव्हेत.

मी दादाला म्हटलं, अँब्युलन्स कर आणि थेट आमच्याकडे आण.

खंबाटकी, मग कात्रज, करत साडेसहाला गाडी पोचली. आप्पांचा रक्तदाब ७८ वर होता. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघून बघत नव्हते. इमर्जन्सीतल्या सिस्टरनं हाताला पट्टा बांधला आणि मी तिच्या शेजारी उभी राहिले. बाटलीची झाकणं स्पिरिटनं पुसली, कातडीवर क्लोरहेक्सिडिन लावून ते वाळू दिलं. वाळू देणं महत्त्वाचं. घाईत कोणी ओल्यातच सुई घालतं, मग कातडीवरचे साधे जंतू बाटलीत जातात आणि दोन दिवसांनी आम्ही लॅबमध्ये डोकं धरून बसतो की हा खरा की आगंतुक. उजव्या हातातून दोन बाटल्या, डाव्या हातातून दोन. प्रत्येकीत दहा मिलीलीटर.

दादा कासावीस झाला. "एवढं रक्त कशाला काढताय? आधीच अंगात काही राहिलं नाही त्यांच्या."

त्याचं म्हणणं मला कळत होतं. मी त्याला सांगितलं ते असं. रक्तात जंतू पसरले म्हणजे रक्त जंतूंनी भरलंय असं नसतं. मोठ्या माणसाच्या एका मिलीलीटर रक्तात बऱ्याचदा एखादाच जिवंत जंतू असतो, कधी तोही नसतो. पाच मिलीलीटर घेतलं तर तो हुकू शकतो. चाळीस घेतलं तर सापडायची शक्यता कितीतरी वाढते. विहिरीत एकच मासा असेल तर तांब्यानं पाणी शेंदून तो हाती लागत नाही. दादानं मान हलवली, पण नजर त्या बाटल्यांवरून हलली नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी मेरोपेनेम सुरू झालं. मोठं औषध. कोणता जंतू आहे हे ठाऊक नसताना डॉक्टर द्यायचे ते हेच, आणि त्यांचं बरोबरच होतं. वॉर्डबॉयची वाट न बघता बाटल्या मीच लॅबमध्ये नेल्या. सात वीसला त्या मशीनमध्ये लागल्या.

हे मशीन म्हणजे एक ऊबदार कपाट. आत शरीराएवढी उष्णता, बाटल्या सतत हळूहळू डुलत असतात. प्रत्येक बाटलीच्या तळाला एक चकती असते, हिरवट राखाडी रंगाची. जंतू वाढायला लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यानं ती चकती पिवळी पडत जाते. मशीन दर दहा मिनिटांनी तिचा रंग वाचतं आणि बदल दिसला की वाजतं. बाटलीतल्या पातळ पोषणद्रव्यात बारीक मणीही असतात; रुग्णाला आधी दिलेलं अँटिबायोटिक ते शोषून घेतात, म्हणजे औषधाखाली दबलेल्या जंतूला डोकं वर काढायला वाव मिळतो. तालुक्याला दिलेल्या इंजेक्शनांमुळे काही उगवणारच नाही अशी धास्ती मला होती. रात्रभर त्या मण्यांवर माझी भिस्त होती.

आयसीयूच्या बाहेर दादा, वहिनी आणि मी. आई गावीच होती, दर तासाला फोन. रक्तदाब टिकवायला नॉरअ‍ॅड्रिनालिन चालू होतं आणि त्याचा वेग दर दोन तासांनी वाढत होता. युरॉलॉजीच्या डॉक्टरांनी रात्री येऊन जुनी नळी काढून नवी घातली. जुनी नळी म्हणजे जंतूंचं घर. ती तशीच ठेवली तर वरून कितीही औषध ओता.

त्या रात्री मला एक आकडा सुचत होता आणि तो सुचू नये असं वाटत होतं. २००६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, अडीच हजारांहून जास्त रुग्णांचा. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गानं सगळं शरीरच कोलमडतं तेव्हा, रक्तदाब खचल्यानंतर लागू पडणारं अँटिबायोटिक मिळायला जितका उशीर, तितकी वाचायची शक्यता कमी; पहिल्या सहा तासांत दर तासाला सरासरी ७.६ टक्क्यांनी. यातला "लागू पडणारं" हा शब्द महत्त्वाचा. औषध शिरेत गेलं म्हणजे घड्याळ थांबलं असं नाही. औषध चुकीचं असेल तर ते चालूच राहतं. आप्पांना मेरोपेनेम जात होतं. ते त्या जंतूला लागू पडतंय का हे आयसीयूतल्या कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि ज्या बाटल्यांना ठाऊक होतं त्या दोन मजले खाली डुलत होत्या.

पहाटे पाच चाळीसला रात्रपाळीच्या मुलाचा फोन आला. "ताई, आप्पांची एक बाटली वाजली."

मी जिना उतरून गेले. आमच्याकडे कागदावर नसला तरी सगळे पाळतात असा एक रिवाज आहे: घरच्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही. हात थरथरला तर चूक होते, आणि डोळ्यांना जे बघायचं असतं तेच दिसतं. मी दारापाशी उभी राहिले. मुलानं हातमोजे घातले, बाटली कॅबिनेटमध्ये घेतली आणि आत घेताना जरा तिरकी धरून तळ माझ्याकडे केला. पिवळाधमक. शेजारच्या खाचेतली दुसरी बाटली अजून हिरवट होती, पण कडेनं तिचाही रंग बदलायला लागला होता.

त्यानं काचेवर थेंब पसरला, वाळवला, ग्राम लावला. जांभळा रंग, आयोडीन, मग स्पिरिटनं धुणं, मग सॅफ्रानिनचा लाल. हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरानं १८८४ साली सांगितलेली ही पद्धत आजही पहिली पायरी आहे, आणि तिला पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मुलानं तेलाच्या भिंगाखाली स्लाइड लावली, दोन जागा बघितल्या आणि उठून खुर्ची मला दिली. "नुसतं बघा, ताई. लिहिणार मीच आहे."

गुलाबी. जाडसर, आखूड दांडके, सगळीकडे विखुरलेले, काहींभोवती फिकं वलय. चौदा वर्षांत असे दांडके मी हजारो वेळा पाहिलेत. आप्पांच्या रक्तातले बघताना मला एकदम थंडी वाजली.

ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय, थोडक्यात जीएनबी: जांभळा रंग न धरता गुलाबी दिसणारे दांडके. मुलानं आयसीयूला फोन लावला, मग मॅडमना. मॅडम आमच्या विभागप्रमुख. त्यांचा आवाज फोनमधून बाहेर ऐकू आला, "शॉकमधला पेशंट, जीएनबी, मग पॅनेल लाव की. विचारतोस काय?"

पॅनेल म्हणजे रॅपिड मॉलिक्युलर टेस्ट. आमच्याकडे बायोफायरचं मशीन आहे, कोविडच्या काळात घशाच्या नमुन्यांसाठी घेतलेलं. त्याच मशीनमध्ये वेगवेगळ्या कामांचे पाऊच चालतात; रक्तासाठीचा पाऊच वेगळा. त्यात ४३ गोष्टी एका वेळी शोधल्या जातात: ११ ग्राम पॉझिटिव्ह (जांभळे राहणारे), १५ ग्राम निगेटिव्ह, ७ यीस्ट आणि औषधाला दाद न देण्याची १० जनुकं. एका पाऊचचा खर्च बऱ्याच घरांच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त आहे. म्हणून प्रत्येक वाजलेल्या बाटलीला आम्ही तो लावत नाही. चार बाटल्यांपैकी एकाच बाटलीत कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस आला आणि रुग्ण ठणठणीत आहे, अशा वेळी थांबतो. आप्पांच्या बाबतीत थांबण्याचा प्रश्नच नव्हता.

मुलानं पाऊच उघडला. दिसायला चपटी, पारदर्शक पट्टी. आत सुकवून ठेवलेली रसायनं आणि बारीक कप्पे. निळ्या टोपणाच्या कुपीतून पाणी, ते पाऊचच्या आतल्या निर्वातामुळे आपसूक ओढलं गेलं. लाल टोपणाच्या कुपीत त्यानं बाटलीतले दोनशे मायक्रोलीटर टाकले, म्हणजे चमच्याच्या टोकावर मावेल एवढे. कुपी तीनदा उलटसुलट केली आणि लाल खाचेत बसवली. बारकोड वाचला, पाऊच मशीनमध्ये सरकवला. सगळं मिळून दोन-अडीच मिनिटं. पाच अठ्ठावन्न.

आणि मशीनमधून ती घरघर सुरू झाली. आत सिरॅमिकचे बारीक मणी जोरात घुसळून जंतूंच्या भिंती फोडतात, तो आवाज. मग आतलं डीएनए वेगळं होतं, एकदा सगळं मिळून वाढवलं जातं आणि मग १०२ बारीक खळग्यांत विभागून पुन्हा वाढवलं जातं. ज्या खळग्यात ओळखीचा तुकडा सापडला तो चमकतो. हा सगळा खेळ तासाभराचा.

कुणी विचारेल, मग बाटली पिवळी होईपर्यंत तरी का थांबायचं? संध्याकाळी काढलेलं रक्तच थेट या मशीनमध्ये का घालू नये? दादानंही मला हेच विचारलं होतं. अडचण अशी की त्या एका मिलीलीटरमध्ये एखादा जंतू असला, तर त्याच्यासोबत आपल्याच चाळीस लाखांहून जास्त पांढऱ्या पेशी असतात, प्रत्येकीत आपलं डीएनए. त्या जत्रेत एकाला हुडकायचं. वर रक्तातला हीम नावाचा घटक पीसीआरची, म्हणजे डीएनए वाढवण्याची, क्रियाच अडवतो. तरी थेट रक्तातून शोधणाऱ्या चाचण्या निघाल्यात; टी-टू नावाच्या एका पॅनेलला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली, ती तीन ते पाच तासांत निकाल देते, पण तिच्या यादीत मोजकेच जंतू आहेत. आमच्यासारख्या बहुतेक लॅबमध्ये मात्र बाटलीच जंतूंना वाढवून देते आणि मग मशीन त्यांना ओळखतं.

त्या तासभरात मी मशीनसमोरच्या स्टुलावर बसून होते. पडद्यावर उरलेली मिनिटं दिसत होती. मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली.

हे पॅनेल नवं होतं तेव्हाची. रात्री दीडच्या सुमाराला एका बाळंतिणीच्या बाटलीचा निकाल आला. तिला चालू असलेलं औषध त्या जंतूला लागू पडणार नव्हतं, हे पडद्यावर लख्ख दिसत होतं. आम्ही निकाल संगणकात चढवला आणि पुढच्या कामाला लागलो. तेव्हा तसंच ठरलेलं होतं. वॉर्डात तो कुणी उघडला तो सकाळच्या राउंडला, आठ वाजता. साडेसहा तास. ती वाचली नाही. रात्रीच औषध बदललं असतं तर ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही, तिचं आजारपण फार पुढं गेलं होतं. पण ते साडेसहा तास तिच्या वाट्याचे होते आणि ते आमच्या संगणकात पडून राहिले. आम्ही तासात निकाल काढला याचा आम्हाला केवढा अभिमान होता तेव्हा.

मॅडमनी दुसऱ्याच दिवशी नियम बदलला. पॅनेलचा निकाल आला की फोन. फोन घेणाऱ्यानं निकाल परत वाचून दाखवायचा. त्याचं नाव आणि वेळ वहीत. रात्री दोन वाजता असला तरी मॅडमना स्वतःला फोन, आणि त्या डॉक्टरांशी बोलून कोणतं औषध काढायचं, कोणतं घालायचं ते ठरवणार. हे आमच्यापुरतं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ६१७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा झटपट चाचणीनं औषधं लवकर नेमकी झाली, विशेषतः जिथं तज्ज्ञ सोबतीला होते तिथं. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. पुढं २०१७ मध्ये ३१ अभ्यास, सुमारे सहा हजार रुग्ण, एकत्र करून पाहिले तेव्हा मृत्यू कमी झालेले दिसले, आणि तो फरक ठळक होता तो जिथं निकालामागे अँटिबायोटिकची जबाबदारी घेणारी माणसं होती तिथं. मॅडमनी ते दोन्ही निबंध आमच्याकडून वाचून घेतले होते. मशीन एक तास वाचवतं की दोन दिवस, हे फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे त्यावर ठरतं.

सात वाजून एक मिनिट. घरघर केव्हाच थांबली होती. पडद्यावर ओळी आल्या.

क्लेबसिएला न्यूमोनिए: सापडला. सीटीएक्स-एम: सापडलं. एनडीएम: सापडलं. ऑक्सा-४८: सापडलं.

मुलगा काही बोलला नाही. मीही नाही. ज्यांना हे शब्द परके आहेत त्यांच्यासाठी सांगते. ही तिन्ही जंतूनं बनवलेल्या कात्र्यांची नावं आहेत; प्रत्येक कात्री काही औषधं कापून निकामी करते. सीटीएक्स-एम सेफ्ट्रायक्झोन कापतं, म्हणजे तालुक्याला दोन दिवस दिलेली इंजेक्शनं पाण्यात गेली होती. बाटली दहा तासांत का वाजली तेही कळलं. त्या औषधानं तो दबलाच नव्हता. एनडीएम आणि ऑक्सा-४८ मेरोपेनेम कापतात. म्हणजे संध्याकाळी सातपासून जे चालू होतं तेही पाण्यात. एनडीएम या नावात न्यू दिल्ली आहे. २००८ मध्ये भारतातून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ते सापडलं आणि दुसऱ्या वर्षी त्या नावानं छापून आलं. नावावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. आमच्या लॅबमध्ये ते नाव आठवड्यातून कितीतरी वेळा उच्चारलं जातं.

पण याच ओळींत वाटही होती, आणि ती फक्त "मेरोपेनेम चालत नाही" एवढं कळून सापडत नाही. नुसतं ऑक्सा-४८ असतं तर सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम या जोडऔषधानं एकट्यानं भागलं असतं. एनडीएम असलं की ते एकटं चालत नाही, कारण एनडीएम त्यातल्या सेफ्टाझिडिमला कापतं. अ‍ॅझ्ट्रिओनॅम हे एक जुनं औषध एनडीएमला कापता येत नाही. पण त्याला सीटीएक्स-एम कापतं. तेव्हा दोन्ही एकत्र द्यायची. अ‍ॅव्हिबॅक्टम सीटीएक्स-एम आणि ऑक्सा-४८ ला अडवून धरतं आणि त्याच्या आडून अ‍ॅझ्ट्रिओनॅम जंतूपर्यंत पोचतं. कोणती कात्री आहे हे नावानिशी कळल्याशिवाय ही जोडी सुचत नाही. नेहमीच्या पद्धतीनं सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे कोणतं औषध जंतूला लागू पडतं त्याच्या, रिपोर्टची वाट पाहिली असती तर शुक्रवार उजाडला असता.

सात वाजून चार मिनिटांनी मुलानं आयसीयूत फोन केला. रात्रीच्या डॉक्टरीणबाईंनी निकाल शब्दन् शब्द परत वाचला. वहीत वेळ पडली. सात दहाला मॅडम त्यांच्याशी बोलल्या. सात वीसला दादाच्या हातात चिठ्ठी आली, कारण अ‍ॅझ्ट्रिओनॅम आमच्या फार्मसीत एकाच मात्रेपुरतं होतं. तो रस्त्यापलीकडच्या मेडिकलमध्ये पळाला, तिथं मिळेना, रिक्षा करून पुढच्या दोन दुकानांतून घेऊन आला. पहिली मात्रा तोवर वाट बघत थांबली नव्हती. सात पन्नासला दोन्ही औषधं एकाच वेळी आप्पांच्या शिरेत जायला लागली होती.

दुसरी मात्रा घेऊन दादा धापा टाकत आला तेव्हा त्याला मी खाली बसवलं. तो विचारत होता, "आता बरं होईल ना?" मी म्हटलं, आता औषध बरोबर आहे. त्याहून जास्त मला सांगता येत नव्हतं.

या चाचणीबद्दल कुणी आंधळा विश्वास ठेवू नये असंही मला वाटतं. यादीत नाव नसलेला जंतू तिला दिसतच नाही. दोन पावसाळ्यांमागे कोकणातला एक भातशेतकरी आला होता, मधुमेह असलेला. स्लाइडवर दांडके अगदी स्पष्ट होते, टोकांना गडद, मधे फिके, सेफ्टी पिनसारखे. पॅनेलमध्ये मात्र यादीतला एकही जंतू सापडला नाही. मॅडम स्लाइड बघून म्हणाल्या, मशीन बाजूला ठेवा, हा मेलिऑइडोसिस दिसतोय. कल्चरनं तेच सांगितलं. मातीतला तो जंतू या पाऊचच्या यादीतच नाही. आणि जनुक सापडलं नाही याचा अर्थ औषध चालेलच असाही नव्हे. जंतूकडे इतरही वाटा असतात. म्हणून पॅनेल झालं तरी प्लेटवर कल्चर लावायचंच, आणि अखेरचा शब्द प्लेटचा.

बुधवार तसाच गेला. गुरुवारी दुपारपासून नॉरअ‍ॅड्रिनालिनचा वेग कमी करायला घेतला. रात्री दहाला ते बंद झालं. पिशवीत लघवी जमायला लागली आणि सिस्टर दर वेळी आकडा सांगताना माझ्याकडे बघून हसायची. मध्यरात्री आप्पांनी डोळे उघडले आणि वहिनीला विचारलं, "ऊस गेला का कारखान्याला?" वहिनी रडायलाच लागली.

शुक्रवारी सकाळी मी कामावर रुजू झाले. मॅडमनी मला हाक मारली आणि एक प्लेट पुढे केली. जेलीसारख्या थरावर पसरलेला आप्पांचा क्लेबसिएला, त्यावर औषधांच्या पांढऱ्या चकत्या. मेरोपेनेमच्या चकतीला अगदी खेटून जंतू वाढले होते, जणू तिथं काही ठेवलेलंच नाही. अ‍ॅझ्ट्रिओनॅमची चकती एकटी होती तिच्याभोवतीही तसंच. पण एका बाजूला मॅडमनी अ‍ॅझ्ट्रिओनॅम आणि सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टमच्या चकत्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. त्या दोघींच्या मधली जागा स्वच्छ होती. एकही ठिपका नाही. त्यांच्या इतर बाजूंना मात्र दाट थर. बुधवारी सकाळी पडद्यावर जे वाचलं ते आता डोळ्यांनी दिसत होतं, पन्नास तासांनी.

मॅडमची परवानगी घेऊन मी फोटो काढला.

घरी जाताना माझ्या मनात गावाकडचीच गोष्ट होती. आमच्या तालुक्यात टीबीसाठी ट्रूनॅट मशीन आहे. ते गोव्याच्या मोलबायो कंपनीनं केलेलं, बॅटरीवर चालणारं, छोट्याशा खोलीत मावणारं, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला पसंती दिलेली. म्हणजे थुंकीतला टीबीचा जंतू आणि त्याचा रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाला असलेला विरोध आमच्या तालुक्यात तास-दोन तासांत कळू शकतो. आणि त्याच तालुक्यात रविवारी आप्पांच्या रक्ताची एक साधी बाटली भरली गेली नाही. महागडं पॅनेल तिथं उद्या येईल असं मी म्हणत नाही. पण बाटली, स्पिरिट, सिरिंज, बाटली गरम ठेवणारं कपाट आणि ग्रामचे चार रंग, एवढं तरी असायला हवं, आणि बाटली वाजल्यावर जिल्ह्याला फोन करणारं कोणीतरी. रविवारी रात्री बाटली लागली असती तर सोमवारी सकाळी गुलाबी दांडके दिसले असते. मंगळवारी दुपारी आप्पा बैलांना हाका मारत बसले नसते. त्या रुग्णालयात मी पुन्हा जाणार आहे, भांडायला नाही. बाटल्यांचा एक खोका घेऊन, आणि तिथल्या सिस्टरांना हात धरून रक्त कसं घ्यायचं ते दाखवायला. मॅडम म्हणाल्या, मीही येते.

बाविसाव्या दिवशी आप्पांना घरी सोडलं. पंधरा दिवसांनी मी गावी गेले तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, अंगावर शाल, पाय वाळलेले. मी त्यांना फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, मग जवळ.

"म्हंजी ह्ये व्हतं व्हय माझ्या रगतात?"

"हो. हे पांढरं पसरलंय ते."

"आन् ह्या टिकल्या?"

"ही औषधं. ही एकटी, हिनं जंतूंना काही झालं नाही बघा. आणि ह्या दोघी शेजारी ठेवल्यात ना, त्यांच्या मधे काही उगवलेलं नाही."

आप्पांनी अंगठ्यानं ती मधली मोकळी जागा चाचपली. पडदा सरकून फोटो मोठा झाला आणि ती जागा पडदाभर पसरली.

"तणनाशक मारल्यावर बांधाकडंला दिसतं, तसं झालंय," ते म्हणाले. मग फोन दादाकडे देत म्हणाले, "ह्यो तुझ्या फोनात घिऊन ठेव. बाळू डाक्टर आला की दावतो त्याला."